तात्यांची किर्द, नवा संगणक आणि मनाच्या तीन गरजा

पलूस तालुक्यातल्या एका विकास सोसायटीत, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नवा संगणक टेबलावर मांडलेला होता आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून टॉवेल टाकलेला होता. शेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची किर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, उघडी होती. सचिवांना सगळं गाव तात्या म्हणतं. तात्या किर्दीत जमा-नावे लिहीत होते, ओळी सरळ, आकडे एकाखाली एक, बेरीज मनातल्या मनात. संध्याकाळी माणसांची ये-जा थांबली की टॉवेल निघायचा आणि डेटा भरायला ठेवलेली मुलगी त्याच नोंदी पुन्हा संगणकात टाकायची. एकच काम दोनदा होत होतं आणि वर अहवाल जात होता की संगणकीकरण सुरू आहे.

माझं काम अशा ठिकाणी जाऊन सॉफ्टवेअर शिकवण्याचं. सांगली-सातारा पट्ट्यातल्या सोसायट्या, पतसंस्था, साखर कारखान्यांची गट ऑफिसं, असं फिरणं चालू असतं. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची तरतूद केली. तेव्हापासून हे काम वाढलं. मशीन आली, वायरिंग झालं, दोन दिवसांची प्रशिक्षणं झाली. आणि गावोगाव टॉवेल दिसायला लागले.

संगणकावर टॉवेल का, याचं उत्तर वरच्या ऑफिसात ठरलेलं असतं: जुनी माणसं, शिकायची तयारी नाही, बदलाला विरोध. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच म्हणत होतो. पण तात्यांच्या खिशात स्मार्टफोन होता. नातवाची फी ते फोनपेवरून भरत होते, बेदाण्याचा भाव रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर बघत होते. यंत्राची भीती असणारा माणूस असा वागत नाही. आणि आपला हा मुलूख यंत्राला भिणारा कधी नव्हताच. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते अशी समजूत ज्या काळात होती, त्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली याच भागातल्या माळावर कारखाना उभा केला. ज्यांनी शंका घेतली होती त्यांनीच पुढे ते नांगर शेतात घातले. मग तात्यांसारखा माणूस ऑफिसच्या संगणकावर टॉवेल का टाकतो?

कर्मचारी नवीन तंत्रज्ञान का स्वीकारतात, यावर फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली एक सोपी मांडणी केली. माणूस दोन गोष्टी बघतो: हे उपयोगी आहे का, आणि हे वापरायला सोपं आहे का. मांडणी चांगली आहे आणि आजही वापरली जाते. पण तात्यांना विचारलं तर ते म्हणत होते, उपयोगी आहे. सोपं? "आवघड काय न्हाई सर, दोन दिवसात जमंल." म्हणजे दोन्ही उत्तरं होकारार्थी, तरी टॉवेल जागच्या जागी. काहीतरी तिसरंच दुखत होतं.

ते काय, हे समजायला मला एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या कामाचा उपयोग झाला. डेसींनी १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. कोडी मजेशीर होती, मुलं आपणहून रमत होती. मग काही मुलांना प्रत्येक कोड्यामागे पैसे द्यायला सुरुवात केली आणि नंतर पैसे बंद केले. मधल्या मोकळ्या वेळात बघितलं तर पैसे मिळालेली मुलं कोड्यांना पूर्वीपेक्षा कमी हात लावत होती. जे आपल्या मनाने चाललं होतं ते मोबदल्यासाठी चालू झालं आणि मोबदला संपल्यावर ओढही ओसरली. तिथून सुरू झालेल्या कामातून पुढे डेसी आणि रायन यांचा एक सिद्धान्त तयार झाला. माणसाच्या पोटाला जशी भूक असते तशा मनाला तीन मूलभूत गरजा असतात, आणि त्या भागल्या तर माणूस आपणहून काम करतो. पुस्तकी मराठीत त्यांना स्वायत्तता, क्षमता आणि संलग्नता म्हणतात. मी गावात बोलताना मुखत्यारी, जमणं आणि आपलेपणा म्हणतो. मुखत्यारी म्हणजे हे मी करतोय, माझ्याकडून कुणी करवून घेत नाही. जमणं म्हणजे माझ्या हाताला हे काम येतं आणि ते दिसतं. आपलेपणा म्हणजे मी इथल्या माणसांचा आहे आणि त्यांना माझी गरज आहे.

नवी प्रणाली आली की पगार तोच राहतो, खुर्ची तीच राहते, कामाचे तास तेच राहतात. हलतात त्या या तीन गोष्टी. आणि त्या हललेल्या कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोल दुखतं ते जमणं. संशोधक तिन्ही गरजांना सारखं महत्त्व देतात, आणि त्यांचं चुकत असेल असं मला म्हणायचं नाही. पण ज्या ऑफिसांतून मी फिरलो तिथे पहिला घाव इथेच बसलेला पाहिला. बावीस वर्षं एक काम करून माणूस त्यात मुरतो. गावात त्याची ओळख तीच असते. एका सोमवारी नवं सॉफ्टवेअर सुरू होतं आणि तो माणूस एका दिवसात नवशिका होतो. तेही कुणासमोर? काल रुजू झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीसमोर आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या, ज्याच्या बापाचं खातं त्यानेच उघडलं त्या सभासदासमोर.

तात्यांनी हे मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, चहा पिताना. "सर, मला येतंय का न्हाई ह्यो प्रश्न न्हाई. माणूस दारातनं आत येतुया तवरच मला ठावं असतंय त्येचं किती निघतंय. मुद्दल किती, याज किती, बापाचं किती, पोराचं किती. आता म्हनायचं, थांब, मशिनीला इचारतो. आन् मशीन बंद पडली की माझं तोंड बंद."

या वाक्यात सगळं आहे. माहिती डोक्यातून पडद्यावर गेली की माहिती जपणाऱ्या माणसाची किंमत कमी होते, असं त्याला वाटतं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा होतेच.

साखर कारखान्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. कराड भागातल्या एका कारखान्यात मी पॅनच्या मजल्यावर दोन रात्री बसलो होतो. उसाचा पाक आटवून साखरेचा दाणा धरायचा ते काम पॅनमन करतो. तिथला पॅनमन दर थोड्या वेळाने पॅनमधून नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, अंगठ्याने पसरायचा आणि पट्टी बल्बसमोर धरायचा. दाणे सारखे आहेत का, मध्ये बारीक खोटा दाणा उठलाय का, पाक किती चिकट आहे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत कळायचं. अंगठा आणि डोळा. एकोणीस हंगामांचं शिक्षण त्या अंगठ्यात होतं. शेजारी नवा पॅनल बसवला होता, आकडे पळत होते. कारखान्याचा हुकूम होता की आकड्यावर चालायचं. पॅनमन आकड्याकडे बघायचाच नाही. पाठ करून उभा राहायचा.

तिथल्या एका तरुण इंजिनिअरने जे केलं त्याला माझा नमस्कार आहे. त्याने पॅनमनशी वाद घातला नाही. प्रणालीत एक जादा नोंद ठेवली: काचेवर काय दिसलं. नमुना बघितला की पॅनमनने तीनपैकी एक बटण दाबायचं. दाणा चांगला, दाणा बारीक, खोटा दाणा आहे. काही दिवसांनी पॅनलचा आकडा आणि पॅनमनची नोंद शेजारी शेजारी ठेवून दोघं बघायला लागले. कुठे यंत्र आधी ओळखतं, कुठे अंगठा आधी ओळखतो, यावर रात्रपाळीत चर्चा रंगायची. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पॅनमन स्वतः पॅनलपाशी उभा राहून मला दाखवत होता, "हितं रेघ अशी वाकली की समजायचं." त्याचं जमणं कुणी काढून घेतलं नव्हतं, त्याला आणखी एक हत्यार दिलं होतं.

याच्या उलटं उदाहरण सगळ्या महाराष्ट्राने बघितलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. बातम्यांवरून कुणालाही वाटलं असतं की या बायकांना मोबाइल नको. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. फोन तापतो, अडकतो, त्यात जागा पुरत नाही. आणि पोषणाची माहिती ज्या अॅपमध्ये भरायची ते तेव्हा इंग्रजीत होतं. ज्या सेविकेला वस्तीतल्या प्रत्येक मुलाचं वजन तोंडपाठ असतं, तिच्या हातात असं यंत्र द्यायचं की ती अडाणी ठरावी, आणि मग म्हणायचं तिला तंत्रज्ञान नको. तो विरोध नव्हता, ती तक्रारीची तपशीलवार यादी होती, आणि ज्याने कुणी ती नीट वाचली असेल त्याला अॅप कसं सुधारायचं ते फुकटात कळलं असेल.

आता मुखत्यारीकडे येऊ, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. साहेब लोक म्हणतात, "प्रत्येकाला विचारत बसलो तर काम कधी व्हायचं? सॉफ्टवेअर वापरायचं की नाही हे का सचिव ठरवणार?" नाही ठरवणार. स्वायत्तता म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे. शेतात पाणी केव्हा येणार हे पाटबंधारे खातं ठरवतं, पण पाणी आल्यावर आधी कुठल्या वाफ्याला सोडायचं हे शेतकरी ठरवतो, आणि तेवढ्याने तो त्या शेताचा धनी असतो.

डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली याचीच चाचणी घेतली. लोकांना मुद्दाम एक कंटाळवाणं काम दिलं: पडद्यावर प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. काम बदललं नाही, ते द्यायची पद्धत बदलली. काहींना त्या कामाचं पटेल असं कारण सांगितलं, काहींना "हे कंटाळवाणं वाटेल, ते साहजिक आहे" असं मान्य करून सांगितलं, काहींशी हुकमी भाषा टाळून, निवड तुमची आहे अशा सुरात बोललं. यातल्या जितक्या गोष्टी एकत्र मिळाल्या तितकं लोकांनी ते काम मनावर घेतलं, नंतर मोकळा वेळ दिल्यावरही त्याला हात लावला. म्हणजे कारण, दखल आणि थोडी निवड. मेरिलिन गान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २००० साली कॅनडातल्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीत मोठा बदल चालू असताना हेच तीन घटक तपासले आणि बदल स्वीकारण्याशी त्यांचा संबंध दिसला.

यातली मधली गोष्ट, दखल, आपल्याकडे जवळजवळ कुणीच घेत नाही. प्रशिक्षणाला गेलं की पहिलं वाक्य असतं, "एकदम सोपं आहे, लहान पोरगंही करेल." बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर देतोय. ऐकणाऱ्याला कळतं की मला जमलं नाही तर मी लहान पोराहून गेलो. मी हे वाक्य कित्येक वर्षं वापरलं. आता म्हणतो, "पहिले दोन महिने काम वाढणार आहे. चुका होणार आहेत. तुमचा हात किर्दीवर जितका चालतो तितका इथे चालायला वेळ लागेल." खोलीतली माणसं खुर्चीत सैल होतात ते दिसतं.

निवड कशी द्यायची हे मला अमेरिकेतल्या एका फार जुन्या अभ्यासातून समजलं. व्हर्जिनिया राज्यात मॅरियन नावाच्या गावी पायजमे शिवण्याचा एक कारखाना होता. तिथे कामाची पद्धत थोडी जरी बदलली तरी उत्पादन घसरायचं, बायका नोकरी सोडून जायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे प्रयोग केला आणि १९४८ मध्ये तो छापला. एका गटाला बदल नेहमीसारखा सांगितला: उद्यापासून असं, नवा दर असा. दुसऱ्या गटाने प्रतिनिधी निवडले, त्यांच्याशी बोलून पद्धत ठरली. आणखी दोन गटांत सगळ्याच बायका चर्चेला बसल्या. पहिल्या गटाचं उत्पादन खाली गेलं आणि खालीच राहिलं, पहिल्या चाळीस दिवसांत त्यातल्या १७ टक्के बायका सोडून गेल्या. सगळ्या ज्यात बसल्या होत्या ते गट लवकर सावरले आणि आधीच्या पातळीच्याही वर गेले. बदल होणार हे सगळ्यांसाठी नक्की होतं. तो कसा होणार यात कुणाला हात होता, एवढाच फरक.

काही जण म्हणतात ही सगळी अमेरिकेची खुळं, आपल्याकडे लोकांना साहेबाने सांगितलेलं आवडतं. २००१ साली डेसी, रायन आणि इतरांनी बल्गेरियातल्या सरकारी कंपन्या आणि एक अमेरिकन कंपनी यांची तुलना केली. बल्गेरिया तेव्हा नुकताच सरकारी नियोजनाच्या काळातून बाहेर येत होता. दोन्हीकडे तेच दिसलं: गरजा भागल्या तिथे माणसं कामात जास्त गुंतली. आपल्या पट्ट्याचं तर बोलायलाच नको. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" आहे, आणि इथल्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ज्याचे दोनच शेअर आहेत तोही उठून चेअरमनला हिशेब विचारतो. अशा गावातल्या सचिवाला कुणी न विचारता पद्धत बदलली तर त्याला काय वाटत असेल, हे कळायला बल्गेरियापर्यंत जायची गरज नाही.

मुखत्यारीला सगळ्यात वेगाने मारते ती पाळत. सांगलीत एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाशी, म्हणजे दुकानादुकानांतून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्याशी, माझं बोलणं झालं. गणपती पेठ, मारुती रोड, कापड पेठ, रोज संध्याकाळी दुकान ते दुकान. पूर्वी कार्डावर नोंद करायचा, मग हातातलं मशीन आलं, पावती लगेच निघायला लागली. ते त्याला आवडलं. दुकानदाराचा विश्वास वाढला, रात्रीचा हिशेब सुटला. मग मशीनऐवजी अॅप आलं आणि तो कुठे किती वेळ थांबला हे ऑफिसात दिसायला लागलं. एके दिवशी विचारणा झाली, एका दुकानात पंचवीस मिनिटं काय करत होता. ते दुकानदार मालाच्या अडचणीत होते, त्यांच्याशी बोलत बसला होता. कोणाचं कर्ज थकणार आणि कोणाला नवं लागणार, हे पतसंस्थेला आजवर असंच कळत आलं होतं. त्या दिवसापासून तो कुठेच बसत नाही. मशीनला हौसेने मिरवणारा माणूस अॅपचं नाव काढलं की गप्प होतो.

त्यात आपलेपणाही गेला. तंत्रज्ञान माणसामाणसांतलं नातं कसं तोडतं याचा अभ्यास एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींवर केला. बॅमफर्थ स्वतः पूर्वीचे खाण कामगार होते, म्हणून त्यांच्या लिहिण्याला वजन आहे. जुन्या पद्धतीत दोन-चार माणसांची टोळी सगळं काम मिळून करायची, एकमेकांना सांभाळायची, टोळी आपली आपण निवडलेली. नवी यंत्रं आली आणि काम पाळ्यांमध्ये तुकडे करून वाटलं गेलं. एका पाळीचा घोळ दुसऱ्या पाळीच्या माथी यायला लागला. यंत्रं चांगली असूनही अपेक्षेएवढा कोळसा निघेना. ऊसतोड बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. टोळी मोडून एकेकट्या माणसाला फडात उभं केलं तर कोयता कितीही धारदार असो, फड उरकणार नाही.

इथे थोडं थांबून "पाठिंबा" म्हणजे काय ते बघायला हवं, कारण अहवालातला पाठिंबा आणि खरा पाठिंबा यांत अंतर आहे. लिन हर्सकोविच आणि जॉन मायर यांनी २००२ मध्ये त्याच्या पायऱ्या सांगितल्या. पहिली, सांगितलं तेवढं ऐकणं. दुसरी, साथ देणं, अडचण आली तरी नेटाने करणं. तिसरी, स्वतः पुढे होऊन इतरांना पटवणं. नाही केलं तर नुकसान होईल या धाकाने जो राजी होतो तो पहिल्या पायरीवरच राहतो. ज्याला बदल मनातून पटला तो वरच्या पायऱ्या चढतो. टॉवेल टाकलेला संगणक ही पहिली पायरी. नियमाने सगळं ठीक, नोंदी भरल्या जातात, कुणी नकार दिलेला नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. संशोधक एक बारीक फरक करतात: गरज न भागणं वेगळं आणि गरज तुडवली जाणं वेगळं. सांगली जिल्ह्याच्या माणसाला हा फरक जमिनीवरून चटकन समजावता येतो. जत-आटपाडीकडचं रान पाण्यावाचून तहानलेलं. तिकडे कालव्याचं पाणी पोचलं की हिरवं होतं. पण कृष्णाकाठी, वाळव्यात, मिरजेत, पाण्याच्या अतिरेकाने खारवटलेली हजारो एकर जमीन आहे. वर पांढरा थर, ऊस पिवळा. ती जमीनही वरवर कोरडवाहू रानासारखीच उजाड दिसते. पण तिला पाणी दिलं तर क्षार आणखी वर येतात. तिला आधी निचरा लागतो. चर काढायचे, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायचे, साठलेलं पाणी आणि क्षार बाहेर काढायचे. मगच पाणी.

कर्मचारी काम करत नाही असं दिसलं की आपण एकच औषध देतो: आणखी एक प्रशिक्षण. ज्याला खरंच माहीत नाही, जो तहानलेला आहे, तो त्यावर तरारतो. पण ज्याचा चारचौघांत पाणउतारा झालाय, ज्याच्या अनुभवाला "जुनं" म्हणून बाजूला टाकलंय, ज्याच्या मागे पाळत लावलीय, त्याच्यासाठी पुन्हा प्रशिक्षण म्हणजे खारवट रानात आणखी एक पाळी पाणी. त्याला ते शिकवणं वाटत नाही, "तुला येत नाही" याची पुन्हा एकदा जाहीर घोषणा वाटते. तिथे आधी निचरा. त्याला काय खटकलं ते बोलू द्यायचं, ते खरं असेल तर मान्य करायचं, आणि जे घेतलं गेलं ते परत द्यायचं.

मी आता माझी पद्धत बदलली आहे. पहिल्या भेटीला लॅपटॉप नेत नाही. जुनी वही दाखवा म्हणतो. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला त्याच्या ज्युनिअरसमोर कधी शिकवत नाही, त्याला दुपारी एकट्याला घेऊन बसतो. सरावासाठी एक खोटी सोसायटी तयार केलेली असते, खोटे सभासद, खोटी कर्जं, तिथे कितीही चुका केल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही. आणि किर्द व संगणक काही काळ शेजारी शेजारी चालणार हे आधीच उघडपणे सांगतो, म्हणजे कुणाला चोरून लिहावं लागत नाही.

तात्यांच्या बाबतीत निचऱ्याचं काम मी केलं नाही, ते घडून आलं. जुनी माहिती भरून झाली होती, पण तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज, जुळत नव्हती. ती मुलगी आठवडाभर डोकं फोडत होती. मग तिने किर्द तात्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "तात्या, तुम्ही वाचा, मी बघते." पाचव्या की सहाव्या पानावर तात्या थांबले. संगणकात एकाच नावाच्या दोन सभासदांची कर्जं एका खात्यात गेली होती. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव पाटील. तात्या म्हणाले, "ह्यो मळ्यातला. आन् ह्यो येशीजवळचा. ह्येच्या आज्यानं इहीर काढली त्येच साली त्येचा आजा वारला." संगणकात पत्त्याचा रकाना होता, पण घाईत सगळीकडे नुसतं गावाचं नाव भरलं होतं. त्या दिवसापासून तात्या सांगत गेले आणि ती रकाना भरत गेली: मळा, वस्ती, गल्ली, कुणाची भावकी. तशी आणखी सात खाती सापडली. दहाव्या दिवशी तेरीज जुळली, आणि मला फोन त्या मुलीचा नाही, तात्यांचा आला.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी मी सहज डोकावलो. टॉवेल खिडकीच्या गजाला वाळत होता. किर्द कपाटात होती, पण कपाटाला कुलूप नव्हतं. संगणकाचं तोंड मात्र बदललं होतं. पूर्वी पडदा तात्यांच्या बाजूला असायचा, आता तो काउंटरकडे तिरका फिरवलेला होता. एक म्हातारे सभासद पुढे वाकून बघत होते आणि तात्या पेनाच्या टोकाने एकेक आकडा दाखवत होते. मला बघून ते म्हणाले, "सर, ह्येच्यातली अक्षरं जरा मोठी हुत्याल का? मला दिसत्यात. पन बाहीरच्या मान्साला बी दिसली पायजेत."